मदत हवी आहे: उसात बिबट्याची मादी आणि तात्या रात्री पाणी पाजायला जातात

कोयनाकाठ:

नमस्कार. एरवी मी इथं नुसता वाचून जाणारा माणूस, पण आज अडलोय.

गाव कराड तालुक्यात, कोयनेच्या काठाला. नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर रविवारी मलकापुरापासून बघ्यांच्या मोटारसायकली लागतील. आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटर आत, पाणंदीनं. घरात आई आणि तात्या दोघंच. मी पुण्यात, बहीण तासगावला दिलेली. दोन एकर आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस तोडीला आलेला, शेजारी एकरभर यंदाची नवी लागण. दोन म्हशी, एक कालवड, चार शेळ्या.

दिवाळीनंतर आमचा कुत्रा, खंड्या, गायब झाला. मोकळाच असायचा, त्यामुळं आईनं "गेला आसंल कुठंतर" म्हणून सोडून दिलं. आठ दिवसांनी शेजारच्या आप्पांची शेळी गेली, ती अर्धी खाल्लेली ओढ्यात सापडली. मग तात्यांना लागणीच्या ओल्या सरीत ठसे दिसले. फोटो पाठवला मला. गोल ठसे, नखं उमटलेली नाहीत, आणि त्यांच्या मागं तसेच, पण लहान.

गेल्या बुधवारी रात्री साडेअकराला तात्या बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे सरीत पाणी वळवायला गेले, तेव्हा पंचवीस-तीस फुटांवर बांधावर दोन डोळे चमकले. तात्यांच्याच शब्दांत: "मी थांबलो, ती पण थांबली. मग ती उसात गेली आन् मी घरी आलो." आईला हे त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेही म्हशीची धार काढताना, मान वर न करता.

मोठ्या उसाचं पाणी तोडलंय, पण लागणीला पाणी लागतंच आणि आमच्या फीडरला एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री लाईट. दारं धरायचा बांध नेमका मोठ्या उसाच्या कडेनं जातो. "जाऊ नका" म्हटलं की तात्या म्हणतात, मग लागण काय तुझ्या पगारावर भिजवायची का?

आता गावात पिंजऱ्यासाठी सह्यांचा कागद फिरतोय. तो आमच्या घरी येऊन पडलाय, कारण ऊस आमचा. सही केली तर मादी पकडली जाईल, पिल्लांचं काय? नाही केली तर उद्या काही झाल्यावर गाव आम्हालाच धरणार. शिवाय पुढच्या आठवड्यात तोड येईल म्हणतात. ऊसतोड टोळीतली पोरं फडाच्या कडेलाच खेळतात.

कृपा करून "आपणच त्यांच्या घरात घुसलो" हे सांगू नका. आमचं रान पणजोबांपासून आमचंच आहे. करायचं काय, ते सांगा.

पाटणचा_पाव्हणा:

सही करा आणि झोपा. यात विचारायचं काय? 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतच्या बाजूला तीन माणसं गेली, त्यात लहान पोरं होती. शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. ती वेळ यायची वाट बघताय का? एसीत बसून प्राणिप्रेम करणारे इथं आत्ता येतीलच.

वारणेचं_पाणी:

आलो. एसी नाही, शिराळा तालुक्यात चांदोलीच्या अलीकडं घर आहे आणि बिबट्या आमच्याकडं आजोबांच्या आजोबांपासून आहे.

भाऊ, आधी ठशांचं. लहान ठसे आईच्या मागं आहेत म्हणजे पिल्लं चालती आहेत, डोळे न उघडलेली नाहीत. ही तुमच्यासाठी बरी गोष्ट. फड हलायला लागला की ती पिल्लांना घेऊन निघू शकते. फक्त निघायला वाट ठेवा. टोळीच्या मुकादमाला सांगून तोड वस्तीच्या बाजूनं सुरू करा आणि ओढ्याकडची बाजू शेवटी ठेवा. चारी बाजूंनी कोयता लागला तर मधल्या पट्ट्यात ती कोंडते, आणि मग ती कुणाच्या अंगावरून बाहेर पडेल सांगता येत नाही. फड पेटवायचा तर विचारही नको.

समजा पिल्लू सापडलंच, तर हात लावायचा नाही, उचलून घरी आणायचं नाही, फोटोसाठी मांडीवर घ्यायचं नाही. टोळी मागं घ्या आणि 1926 ला फोन करा. वनखात्याची माणसं पिल्लू क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि अंधार पडला की आई येऊन घेऊन जाते. जुन्नर भागात हे कितीतरी वेळा झालंय. आणि दरवेळी ते बिबट्याचंच असतं असंही नाही. आमच्याकडं दोन वर्षांमागं ज्याला अख्खं गाव बिबट्याचं पिल्लू म्हणत होतं, ते वाघाटीचं, म्हणजे एका छोट्या रानमांजराचं निघालं. अख्खं मोठं झालं तरी मांजराएवढंच राहतं ते. पण टीव्हीवाले येऊन गेले!

तात्यांचं अवघड आहे. माझे वडीलही तसलेच होते. एकट्यानं जायचं नाही एवढं एक जरी पटवलंत तरी पुष्कळ. आप्पांना सोबत घ्यायला सांगा, एकमेकांच्या पाळ्या दोघांनी मिळून करायच्या. मोबाईलवर भजन, बातम्या, काय लावायचं ते मोठ्यानं लावायचं. घुंगराची काठी असेल तर उत्तम. तिला माणूस येतोय हे लांबून कळलं पाहिजे, अचानक समोर आलेला माणूसच धोक्यात येतो. आणि सरीत वाकून काम करताना पाठ उसाकडं नको. उभ्या माणसाला ती माणूस म्हणून ओळखते, वाकलेला किंवा बसलेला माणूस अंधारात चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. उघड्यावर बसायची सवय असेल कुणाला, तर ती आजपासून बंद.

कोयनाकाठ:

मनापासून आभार. घुंगरकाठीवर तात्या हसले. म्हणे, "मी काय वासुदेव हाय का?" पण भजन चालेल म्हणालेत.

पाव्हणं, तुमचा राग कळतो. माझ्या भाच्या सुट्टीत आजोळी येतात, मला भीती वाटत नसेल असं वाटतं का तुम्हाला? म्हणून तर विचारतोय.

बखरवाचक:

पिंजऱ्याबद्दल थोडं. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडायची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात, म्हणजे कागद नागपूरपर्यंत जातो. गावानं सह्या केल्या आणि संध्याकाळी पिंजरा आला, असं होत नाही. नुसता दिसला म्हणून पकडणं तर केंद्राच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांनाही धरून नाही.

आणि पकडून दुसरीकडं सोडण्याचं काय होतं, ते जुन्नरनं एकदा भोगलंय. 2001 ते 2003 मध्ये त्या भागातून शंभराच्या वर बिबटे पकडून लांब नेऊन सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशोब मांडला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत, ते त्या काळात 17 वर गेले. जनावर अनोळखी मुलखात बिथरतं, आणि इकडं मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या धरतो. 2009 मध्ये पारनेरकडच्या एका विहिरीतून काढलेल्या म्हाताऱ्या नराला माग काढायचा कॉलर-पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. तो चालत चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्याला कुणी विचारलं होतं, कुठं राहायचंय म्हणून?

अत्रेय यांनीच अकोले तालुक्यात, म्हणजे जंगल नसलेल्या ऊसपट्ट्यात अभ्यास केला, तेव्हा 100 चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात वजनानं 39 टक्के वाटा कुत्र्यांचा होता. तुमचा खंड्या त्याच हिशोबात गेला. ही मादी जंगलातून "आलेली" नसावीच. ती उसातच जन्मली असेल, आता तिची पिल्लं उसात वाढतायत.

पाटणचा_पाव्हणा:

अभ्यास ठीक आहे. ज्याच्या घरातलं पोर जातं त्याला 4 आणि 17 चा हिशोब सांगून बघा.

बखरवाचक:

मान्य. माणसावर झडप घातलेला बिबट्या असेल तर तो पकडावाच लागतो, त्यावर माझं दुमत नाही. पण इथं तिनं काय केलं? थांबली आणि निघून गेली.

शेणामेणाचं_घर:

सगळे बिबट्यावरच बोलताय, मी शेळ्यांवर बोलते. माझं माहेर वाळवा तालुक्यात, दोन वर्षांपूर्वी आमची कालवड गेली तेव्हा हे सगळं केलंय.

दादा, आप्पांनी शेळीचं काय केलं? पुरली असेल तर गेले पैसे. जनावर मारलं की ते जागचं हलवायचं नाही, फोटो काढायचे आणि 48 तासांच्या आत वनरक्षकाला कळवायचं. मग पंचनामा होतो, पशुवैद्यकीय डॉक्टर किंमत ठरवतात. गाय-म्हैस-बैलाला बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70,000 रुपये, यातलं जे कमी असेल ते. शेळी-मेंढीला 75 टक्के किंवा 15,000, तसंच. आमचे पैसे आले, पण चार हेलपाटे घालावे लागले आणि एका सहीसाठी वडील दिवसभर बाकावर बसून होते. तरी सोडायचे नाहीत. ज्याला भरपाई मिळते तो मेलेल्या शेळीत विष कालवत नाही, हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

गोठ्याचं सांगते. नुसती भिंत उपयोगाची नाही, ती चढते. वरून बंद पाहिजे. आम्ही शेळ्यांपुरती वेल्डमेशची जाळी चारी बाजूंनी आणि वरून मारली, दाराला आतून कडी. म्हशींना एवढी भीती नाही, पण कालवड मध्ये बांधा, कडेला नको. गोठ्याजवळची दहा-पंधरा फूट जागा गवत काढून मोकळी करा. आणि आजूबाजूला पोल्ट्री असेल तर बघा, मेलेल्या कोंबड्या कुठं टाकतात. आमच्याकडं ओढ्यात टाकायचे. कोंबड्यांमागं कुत्री, कुत्र्यांमागं हा. ग्रामपंचायतीत बोंब मारून खड्डा काढायला लावला.

वारणेचं_पाणी:

ताई, लाखातलं बोललात. एक राहिलं: रानडुकरासाठी कुणी उसाला करंट लावत असेल तर तो आधी काढायला लावा. त्या तारेनं बिबट्याच्या आधी माणूस जातो, दारं धरणारा. आणि बिबट्या मेला तर 3 ते 7 वर्षांची शिक्षा आहे, जामिनासाठी तंगडतोड वेगळी.

कोयनाकाठ:

ताई, आप्पांनी शेळी पुरली. त्याच दिवशी. मी फोन करून विचारलं तर म्हणाले, वास सुटला असता. पंधरा हजार नाही तर नाही, पण सहा-सात हजार तरी आले असते.

आणि पोल्ट्रीचं तुम्हाला कसं कळलं? ओढ्याच्या वरच्या अंगाला एक आहे. मालक नात्यातले आहेत, म्हणून आजवर कुणी बोललं नाही. पिंजऱ्याच्या कागदावर पहिली सही त्यांचीच आहे, बरं का.

कोयनाकाठ (चार दिवसांनी):

मंडळी, शनिवारी गावी आलो, इथूनच लिहितोय.

वनरक्षक येऊन गेले. तरुण मुलगा, त्याच्याकडं एकट्याकडं बरीच गावं. ठसे बघून म्हणाला, मादीच, पिल्लं दोन, तीन-चार महिन्यांची असावीत. तोडीच्या दिवशी माणूस पाठवतो म्हणालाय. मुकादमाला मी स्वतः भेटलो. पोरं फडावर आणणार नाहीत, आमच्या सोप्यात बसतील, आई त्यांना भात घालणार आहे. वस्तीकडून तोड सुरू करायचं त्यानं मान्य केलंय. बैलगाड्या लांबून वळवाव्या लागतील म्हणून खर्ची जरा जास्त मागितली, ती दिली.

शेळ्यांना जाळी मारली. अकरा हजार दोनशे लागले, वेल्डिंगसकट.

कागदाचं असं झालं. काल संध्याकाळी सह्या घ्यायला चौघं आले. मी काही बोलायच्या आत तात्यांनी पेन घेतलं आणि खाली जागा होती तिथं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "दिवसा लाईट द्यावी." मग सही केली. वर पिंजऱ्याची मागणी तशीच आहे, खाली ही. चौघांना कळेना आता या कागदाचं काय करायचं. शेवटी ठरलं, लाईटचा अर्ज वेगळा करायचा. त्यावर एका संध्याकाळीत एकशे सत्तर सह्या झाल्या. पिंजऱ्याच्या कागदावर पंधरा दिवसांत साठ होत्या.

रात्रीची पाळी आता आप्पा आणि तात्या मिळून करतात. काल मीही गेलो. मोबाईलवर हरिपाठ लावलेला. दिसलं काही नाही, पण परत येताना बांधावर, आमच्याच पावलांच्या वर, ताजा ठसा होता. तात्यांनी बॅटरी मारून बघितला आणि चालायला लागले.

तोड मंगळवारी आहे. एक शेवटचं विचारायचंय: आईला नवं कुत्रं हवंय, खंड्याविना करमत नाही म्हणते. रात्री जाळीत शेळ्यांबरोबर कोंडलं तर चालेल का? कुणी तसं ठेवलंय का?

शेणामेणाचं_घर:

ठेवलंय. पहिले चार दिवस शेळ्या दंगा करतात, मग त्याच्याच अंगाला टेकून झोपतात. पिल्लू असतानाच आणा.