गोव्यात ड्रंक अँड ड्राइव्हची केस, राहायला पुण्यात. मदत हवी आहे

चूक माझीच आहे, त्यामुळे उपदेश नको. तो बायकोने घाटभर केलाय.

गेल्या शनिवारी रात्री कळंगुटहून हॉटेलवर परतताना नाकाबंदीत अडकलो. दोन बिअर झाल्या होत्या. मशीनमध्ये फुंकलं, आकडा ६८ आला. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. लायसन्स जमा झालं. हातात पावती आहे, कलम १८५ लिहिलेली, घडी पडून शाई पुसट झालेली. म्हापशाच्या कोर्टात पुढच्या महिन्यात तारीख आहे.

हेल्मेटच्या दंडासारखं जागेवर मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं, एवढं कळलंय. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कैद हा शब्द वाचल्यापासून झोप उडालीये.

तारखेला मी स्वतः जायलाच हवं का, की वकीलपत्र देऊन तिथला वकील उभा राहिला तर चालतं? लायसन्स पुणे आरटीओचं आहे, मग निलंबनाची नोटीस कुठून येते? एक एजंट 'पाच हजारांत मिटवतो' म्हणतोय, त्याला अर्थातच नाही म्हटलंय.

कुणी यातून गेलं असेल किंवा म्हापशात वकिली करत असेल, तर कृपया सांगा.