नवा बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) नुसता पडून राहतो : तुमचे अनुभव लिहा

जुलैत वीतभर पिल्लू घरी आणलं. आठ दिवस ते दगडावर निपचित. समोर अळ्या वळवळताहेत आणि ह्याचे डोळे मिटलेले. रात्री उठून पोट हलतंय का बघायचो. बल्बशेजारी चिकटवलेला थर्मामीटर 38 दाखवायचा, म्हणून उबेची शंकाच आली नाही. शेवटी वायरचा सेन्सर नेमका त्याच्या दगडावर ठेवला, तर 29! बल्ब खाली घेतला, दगड 40 अंशांवर आणला. दुसऱ्या दुपारी तो मान उंचावून, तोंड उघडं ठेवून शेकत बसला. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला जीव. ऊब नसेल तर त्याला खाल्लेलंही पचत नाही. आणि आपल्या कोल्हापुरात पावसाळ्यात आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. म्हणून हा धागा. लिहिताना तापमान नक्की लिहा.

राजारामपुरी : आमचा दगड 40, गार बाजू 27, तरी हलेना. पोरं शाळेतून आली की त्याला हातात घ्यायची. घाबरून त्याची दाढी (गळ्याखालची कातडी) काळी व्हायची. तीन बाजूंच्या काचांना वर्तमानपत्र लावलं, हात लावणं बंद. दहाव्या दिवशी लाल भोपळ्याचा कीस खाल्ला.

शाहूपुरी : मोठा नर, डिसेंबरात आणला, महिनाभर झोपूनच. डॉक्टरांनी शी तपासली, जंत नव्हते. दर रविवारी काट्यावर ठेवायचो, वजन टिकून होतं. थंडीतली झोप होती. पिल्लू असेल तर मात्र असं समजून थांबू नका.

मंगळवार पेठ : मी थांबले, तेच चुकलं. पेटी खिडकीत होती, ऊन मिळतंय असं वाटायचं. पण काचेतून यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) येत नाही, आणि त्याशिवाय अंगात डी-3 जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही. दुकानदारानं दिलेली यूव्हीबीची ट्यूब वापरलेली निघाली. उजेड लख्ख, यूव्हीबी संपलेला. तीन आठवड्यांनी पुढचे पाय थरथरायला लागले, तेव्हा डॉक्टर गाठला. आता ट्यूब नवी आहे, कॅल्शियम चालू आहे. चालतो, पण पोट थोडं घासतं.

धागाकर्ता : ताई, पाय थरथरायच्या आधी काही दिसलं होतं का?

मंगळवार पेठ : हो दादा. किड्यावर जीभ टाकायचा, पण जबड्यात धरता यायचा नाही. दोन-तीनदा करून मान खाली ठेवायचा. मला वाटलं, भूक नाही.