जाळ, आर, फुफाटा, वैल: जुन्या पाककृतीतली आच गॅसवर कशी धरायची?

प्रश्न:
जुन्या पाककृतींत 'जाळ वाढवावा', 'आरावर शेकावे', 'फुफाट्यात पुरावे', 'वैलावर ठेवावे', 'मंदाग्नीवर आटवावे' असं लिहिलेलं असतं. गॅसवर यांचा अर्थ काय घ्यायचा? आणि विस्तव म्हणजे आग की निखारे?

प्रतिसाद १:
जाळ म्हणजे ज्वाळा. लाकूड आत सारलं की वाढतो, बाहेर ओढलं की उतरतो. आर म्हणजे लाकूड जळून उरलेले लाल निखारे. त्यात ज्वाळा नाही, धूर जवळजवळ नाही, धग मात्र एकसारखी. भाकरीला दोन्ही लागतात. तवा जाळावर तापवायचा, भाकरी टाकून वरून पाणी फिरवायचं आणि ते पूर्ण सुकायच्या आत उलटायची. सुकू दिलं तर पापुद्र्याला भेगा पडतात, मग वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू भाजली की चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आराला उभी लावायची. जाळाला लावली तर कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो. गॅसवर आर मिळत नाही, म्हणून मध्यम ज्योतीवर चिमट्याने सतत फिरवत शेकावी.

प्रतिसाद २:
वैल म्हणजे चुलीचं जोडतोंड. तिथे जाळाचा शेवटचा भाग पोचतो, म्हणून दूध, आमटी तिथे ठेवत. गॅसवर सगळ्यात लहान बर्नर, अगदी मंद, आणि भांड्याखाली जुना लोखंडी तवा. तव्यामुळे दूध तळाला लागत नाही.

फुफाटा म्हणजे बारीक निखारे मिसळलेली तापलेली राख. वरून करडी, थंड दिसते, पण आत विस्तव असतो. 'आगीतून फुफाट्यात' ही म्हण याच फसवणुकीची. रताळी, कांदे सालासकट त्यात पुरतात. ओव्हनमध्ये मध्यम रताळ्याला २०० अंशांवर साधारण ४५ मिनिटं लागतात. सुरी सहज आत गेली की झालं.

हुरड्याची आगटीही जाळाची नव्हे. गोवऱ्या पेटवून ज्वाळा पूर्ण बसू द्यायच्या, मगच कणसं खुपसायची. घाई केली की दाणे वरून काळे, आतून कच्चे.

प्रतिसाद ३:
विस्तवाबद्दल. क्रियापदं पाहिली की फरक कळतो: आग लागते, वणवा पेटतो, जाळ करतात, विस्तव घालतात. आग बहुधा हाताबाहेरची, विस्तव कामासाठी जपलेला. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवले की सकाळी फुंकर मारून चूल पेटत असे, तो विस्तव. म्हणूनच राख केराच्या ढिगावर टाकण्याआधी पाणी ओतून ढवळायची. आतला एक जिवंत निखारा वाऱ्याने फुलला तरी ढीग पेटतो.

प्रतिसाद ४:
मंदाग्नी मात्र जपून वाचा. पाककृतीत ती मंद आच. आयुर्वेदाच्या पुस्तकात ती मंदावलेली पचनशक्ती. तिथे सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद असे जठराग्नीचे ४ प्रकार सांगतात. 'मंदाग्नी असता ताक घ्यावे' या वाक्याचा शेगडीशी संबंध नाही.