पॅट टिलमनने मैदान आणि डिग्री दोन्ही कसं जमवलं?

परळचा_कव्हर: टीवायबीकॉमला आहे, कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये कव्हरला खेळतो. आई म्हणते, एक काहीतरी धर. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला टिलमन अभ्यासातही हुशार होता म्हणतात. खरं का?

करीरोडकर: शंभर टक्के. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचा लाइनबॅकर. बचावाच्या पहिल्या रांगेमागे उभं राहायचं, बॉल कुणाकडे जातोय ते आधी ओळखायचं, मग त्याला पाडायचं. तुझ्या कव्हरसारखंच डोक्याचं काम रे. अंगाने त्या जागेसाठी लहानच, तरी १९९७ ला पॅक-१० चा, म्हणजे पश्चिम अमेरिकेतल्या दहा विद्यापीठांच्या लीगचा, सर्वोत्तम बचावपटू! मार्केटिंगची डिग्री साडेतीन वर्षांत, जीपीए, म्हणजे सरासरी ग्रेड, ४ पैकी ३.८ च्या वर. तिकडे सहसा चार वर्षं लागतात. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, नंबर मात्र थेट २२६ वा. पुढे एनएफएल सोडून २००२ ला सैन्यात गेला, ती कहाणी वेगळीच.

माहीमची_ताई: तिकडे ठरावीक ग्रेड टिकवल्याशिवाय मैदानात उतरताच येत नाही, शिकवणीची सोयही कॉलेज करतं. आपल्याकडे हजेरीसाठी सहीचा कागद घेऊन फिरा. आईला टिलमन सांगू नकोस, पाचव्या सेमचा निकाल दाखव.

परळचा_कव्हर: ताई, तोच तर लागायचाय अजून!