मदत हवी आहे : तिंतोरेत्तोच्या चित्रातील मूर्च्छित एस्तेर राणी

नमस्कार मंडळी,

व्हेनिसचा चित्रकार तिंतोरेत्तो याने साधारण 1546-47 मध्ये रंगवलेल्या ‘अहश्वेरोशापुढे एस्तेर’ या मॅनरिस्ट (मुद्दाम ताणलेल्या, नाट्यमय आकृत्यांच्या) शैलीतील तैलचित्राविषयी मला जाणकारांची मदत हवी आहे. मांतुआच्या गोन्झागा घराण्याच्या संग्रहातून इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने घेतलेले हे चित्र आजही ब्रिटिश राजसंग्रहात आहे.

बायबलमधील कथेनुसार, न बोलावता राजापुढे जाणाऱ्यास देहदंड, हे ठाऊक असूनही एस्तेर आपल्या यहुदी बांधवांचे प्राण वाचवण्यासाठी आपला पती, पर्शियाचा राजा अहश्वेरोश याच्या दरबारात जाते. तिंतोरेत्तोने नेमका तो क्षण निवडला आहे, ज्यात राणीची शुद्ध हरपते, दासी तिला सावरतात, राजा घाईने पुढे झुकतो आणि भोवती माणसांची एवढी दाटी होते की सारे चित्र तिच्याबरोबर कलंडत असल्यासारखे वाटते. मला तरी ही त्या शैलीची फार मोठी ताकद वाटते.

माझा प्रश्न असा की, बायबलमधील एस्तेरच्या मूळ हिब्रू ग्रंथात राजा फक्त सोन्याचा राजदंड पुढे करतो आणि मूर्च्छेचा प्रसंग येतो तो त्या ग्रंथाच्या ग्रीक भाषांतरात जोडलेल्या पुरवणीत. तर पुरीम हा एस्तेरच्या कथेचा सण साजरा करणाऱ्या कोकणातील बेने इस्रायल या यहुदी समाजाच्या मराठी कीर्तनांत किंवा गाण्यांत एस्तेर मूर्च्छित होते का? त्या समाजातील कोणी, किंवा अशी जुनी मराठी पुस्तके पाहिलेले कोणी, मूळ ओळींसह सांगू शकल्यास मी अत्यंत आभारी राहीन. मूळ चित्र प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी रंगांविषयीही अवश्य लिहावे, कारण छपाईत ते प्रत्येक पुस्तकात निराळेच दिसतात.