बिशप क्राऊथर यांचे अपयश नेमके कोणाचे?

प्रश्न
पश्चिम आफ्रिकेच्या इतिहासात सॅम्युअल अजायी क्राऊथर यांचे नाव वारंवार येते. १८२१ मध्ये गुलाम म्हणून पकडला गेलेला योरुबा (आजच्या नायजेरियातील एक समाज) मुलगा १८६४ मध्ये इंग्लंडमधील कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप होतो, आणि तरीही अखेरच्या काळातील त्यांची नोंद दुबळा प्रशासक म्हणून केली जाते. हा ठपका योग्य आहे का?

प्रतिसाद १
माझ्या मते हा ठपका अन्यायाचा आहे. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील धर्मप्रसारक संस्थेचे सचिव हेन्री व्हेन यांना स्थानिकांनी चालवलेले चर्च हवे होते. परंतु आफ्रिकी बिशपच्या हाताखाली युरोपीयांनी काम करावे याला हेन्री टाऊनसेंड यांच्यासारख्या मिशनऱ्यांचा विरोध असल्यामुळे क्राऊथर यांच्याकडे मुख्यतः नायजर नदीकाठचा अवाढव्य, दुर्गम मुलूख आला. तेथे जाण्यासाठी ते अनेक वर्षे व्यापाऱ्यांच्या आगबोटींवर अवलंबून होते, आणि त्यांचे बहुतेक सहकारी सिएरा लिओनहून आलेले असल्याने त्यांना नदीकाठच्या भाषा परक्याच होत्या. उणिवा राहिल्या, हे खरे. पण अशा व्यवस्थेत त्या कोणाच्याही हातून राहिल्या असत्या. १८७३ मध्ये व्हेन वारले आणि क्राऊथर यांचा आधार गेला. ऑगस्ट १८९० मध्ये नायजरकाठच्या ओनित्शा येथे मिशनच्या अर्थसमितीच्या बैठकीत नुकत्याच आलेल्या तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी क्राऊथर यांच्या सहकाऱ्यांना निलंबित केले, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या या वृद्ध बिशपांनी समितीचा राजीनामा दिला.

प्रतिसाद २
त्यांचे भाषाकार्यही विसरू नये. योरुबा भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो. ती त्यांची मातृभाषा असूनही ते वडीलधाऱ्यांची बोली ऐकून शब्द टिपून ठेवत, आणि धर्मोपदेशकासाठी त्यांनी तेथील मुसलमानांमध्ये रुळलेला ‘अलुफा’ हाच शब्द स्वीकारला. बायबलच्या योरुबा भाषांतरात त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. ताटातुटीनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, १८४६ मध्ये, अबेओकुटा या योरुबा शहरात त्यांना आई पुन्हा भेटली, हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा गहिवरून येते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. त्यांच्यानंतर त्या पदावर कोण आले?

प्रतिसाद १
३१ डिसेंबर १८९१ रोजी लागोस येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी जोसेफ सिडनी हिल या इंग्रज बिशपांची नेमणूक झाली. नायजर नदीच्या मुखाकडील ख्रिस्ती मंडळ्यांना हे मान्य नव्हते. त्यांनी १८९२ मध्ये क्राऊथर यांचे पुत्र डँडेसन यांच्या नेतृत्वाखाली आपला कारभार स्वतःच्या खर्चाने स्वतंत्रपणे चालवायला घेतला.