आजचा काळ खरंच अंदाधुंदीचा आहे का?

रंकाळाकाठ: महापूर, साथ, युद्धं, वर दिवसभर मोबाइलवर आदळणाऱ्या बातम्या. "पूर्वी असं नव्हतं" हे घरोघरी ऐकू येतं. हे मोजून तपासता येतं का? जमलं तर कोल्हापूरच्या अंगानं सांगा.

जुनं दप्तर: "पूर्वी" म्हणजे कधी, ते आधी ठरवा. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले आणि दोन-तीन वर्षांत १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ प्लेग. जंतू १८९४ मध्येच सापडला होता, पण उंदरांवरच्या पिसवा तो पसरवतात हे सर्वमान्य व्हायला पुढं दहाएक वर्षं गेली. तोवर वस्ती सोडून माळावर झोपड्या टाकायच्या, हाच मुख्य उपाय. १९११ ते १९२१ मध्ये तर देशाची लोकसंख्याच किंचित घटली. मुख्य कारण १९१८ चा इन्फ्लुएंझा. स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं, आज सत्तरीच्या घरात आहे. फक्त ३२ म्हणजे माणसं बत्तिशीत मरायची असं समजू नका. तान्ही मुलं फार दगावत, त्यानं सरासरी खाली यायची.

पूररेषा: आकडे मान्य, निष्कर्ष अर्धाच. आज व्यवस्था भरपूर आहे, पण ती एकमेकींत फार घट्ट गुंतलीय. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी. इतकं मोजमाप असूनही २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथं कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी तुंबतं, म्हणून पूर उतरायलाही वेळ लागतो. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला की पेट्रोल, भाजी, औषधं सगळं अडतं, कारण साठा कुणीच फार ठेवत नाही. आणि उपसा केंद्रं नदीकाठी, त्यांच्या मोटारी बुडतात. दारात पुरुषभर पाणी अन् नळ कोरडा! आडाच्या काळात एक आड नासला तर दुसऱ्या गल्लीतून घागर यायची. आता एक केंद्र बंद पडलं की पेठाच्या पेठा टँकरची वाट बघतात.

गणितवाला: अंदाधुंदीला इंग्रजीत "केऑस" म्हणतात, पण गणितातला "केऑस" आणि बेबंदशाही एक नव्हे. कॅल्क्युलेटर घ्या. आकडा गुणिले (१ वजा तोच आकडा), गुणिले ४. आलेलं उत्तर परत त्याच सूत्रात घाला. ०.२ पासून आठव्या फेरीला ०.४०२ येतं, ०.२०१ पासून ०.१२९. नियम ठाम, तरी सुरुवातीची चिमूटभर चूक फुगत जाते. मधे दोनच दशांश ठेवू नका, नाहीतर गोळाबेरजेचीच चूक मोजत बसाल. हवामानाचा रोजचा अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही तो याच जातीच्या कारणानं. म्हणून लांबचा अंदाज ऐकून निर्धास्त होऊ नका, रोजचा ताजा बघा.

रंकाळाकाठ: मग घरापुरतं काय करायचं?

पूररेषा: पातळी ३९ ला टेकायच्या आत माणशी रोज तीन लिटर धरून सात दिवसांचं पिण्याचं पाणी भरा, चौघांना ८४ लिटर. वापरायचं वेगळं. नेहमीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या ठेवा. तळमजल्यावर असाल तर मीटरचा मेन स्विच पाणी उंबऱ्याला लागायच्या आधीच पाडा, ओल्या हातानं नको.